सिम्युलेशनमध्ये दोन सिग्नलची तुलना करणारे स्वतःचे व्हर्च्युअल उपकरण

सर्किट सिम्युलेशन करताना दोन सिग्नल एकमेकांशी ताडून पाहण्याची वेळ वारंवार येते. फिल्टरमध्ये शिरणारा आणि त्यातून बाहेर पडणारा सिग्नल, आदर्श ऑप-ॲम्पचे मॉडेल आणि उत्पादकाने दिलेले मॉडेल, मूळ सर्किट आणि एखादा घटक बदलून केलेली त्याची दुसरी आवृत्ती, किंवा सिम्युलेशनचा निकाल आणि प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर टिपलेला वेव्हफॉर्म, अशा कितीतरी जोड्या असतात. नवशिका बहुधा दोन्ही सिग्नल व्हर्च्युअल ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनलना जोडतो, पडद्यावर एकावर एक आलेल्या दोन रेषा पाहतो आणि ‘जवळजवळ सारखेच आहेत’ असे म्हणून पुढे जातो. पण पाच व्होल्टच्या पट्टीवर वीस मिलिव्होल्टचा फरक डोळ्यांना दिसत नाही. उलट आकाराने अगदी तसाच, पण काळात थोडासा सरकलेला सिग्नल डोळ्यांना फारच वेगळा वाटतो. म्हणून तुलना डोळ्यांवर न सोडता ती आकड्यांत मांडणारे उपकरण स्वतः तयार करणे हिताचे ठरते.

असे उपकरण तयार करण्याची एक रुळलेली वाट मल्टिसिम हा सर्किट सिम्युलेटर आणि लॅबव्ह्यू ही चित्ररूप प्रोग्रॅमिंगची प्रणाली यांच्या जोडीने मिळते. मल्टिसिममध्ये सर्किट चालते, लॅबव्ह्यूमध्ये उपकरणाची दर्शनी बाजू आणि आतील गणित रचले जाते, आणि तयार झालेले उपकरण मल्टिसिमच्या उपकरणांच्या यादीत नेहमीच्या मीटरसारखे दिसू लागते. या लेखातील कृती प्रामुख्याने त्या वाटेची आहे. मात्र तुलनेचे तत्त्व कोणत्याही सिम्युलेटरला लागू पडते आणि लॅबव्ह्यू हाताशी नसेल तर काय करावे हेही शेवटी दिले आहे. उपकरण बांधण्याचे काम प्रत्यक्षात फारसे कठीण नाही. त्याने दाखवलेल्या आकड्यावर कितपत विसंबायचे हे ठरवणे मात्र कठीण आहे, आणि लेखाचा बराचसा भर त्यावरच आहे.

आधी प्रश्न ठरवावा

‘तुलना’ या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. दोन सिग्नलमध्ये प्रत्येक क्षणी किती व्होल्टचा फरक आहे, हा पहिला. तो फरक एकंदरीत किती मोठा आहे, हा दुसरा. त्याचे उत्तर फरकाच्या आरएमएस किमतीने (वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाने) आणि कमाल किमतीने मिळते. एक सिग्नल दुसऱ्याच्या किती पट आहे आणि किती मागे पडला आहे, हा तिसरा. आणि पट व विलंब बाजूला ठेवल्यास दोघांचा आकार किती मिळताजुळता आहे, हा चौथा. त्यासाठी कोरिलेशन गुणांक, म्हणजे दोन सिग्नल किती एकसारखे वरखाली होतात हे सांगणारा आकडा, काढतात. यांपैकी कोणता प्रश्न आपल्याला विचारायचा आहे हे न ठरवता उपकरण बांधायला घेतले, तर पडद्यावर बरेच आकडे दिसतात आणि त्यांतून कळत काहीच नाही.

हे प्रश्न परस्परांपासून किती वेगळे आहेत हे एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक किलोओहमचा रेझिस्टर आणि शंभर नॅनोफॅरडचा कपॅसिटर घेऊन लो-पास फिल्टर बनवावा. त्याची कटऑफ फ्रिक्वेन्सी सुमारे १५९२ हर्ट्झ येते. त्याला एक व्होल्ट ॲम्प्लिट्यूडची, १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह दिली, तर आउटपुटची ॲम्प्लिट्यूड ०.८४७ व्होल्ट असते, म्हणजे घट फक्त ०.१५३ व्होल्टची, किंवा १.४५ डेसिबलची. पण त्याच वेळी आउटपुट ३२.१ अंशांनी, म्हणजे ८९.३ मायक्रोसेकंदांनी मागे पडलेला असतो. आता इनपुटमधून आउटपुट क्षणोक्षणी वजा केला, तर फरकाच्या सिग्नलची ॲम्प्लिट्यूड ०.५३२ व्होल्ट निघते! ॲम्प्लिट्यूडमधील घटीच्या जवळजवळ साडेतीन पट. यातला मोठा वाटा फेजचा, म्हणजे या मागे पडण्याचा आहे, आउटपुट ८९.३ मायक्रोसेकंद पुढे सरकवून मग वजाबाकी केली, तर फरक नेमका ०.१५३ व्होल्टवर येतो. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. फीडबॅकच्या लूपचा अभ्यास करणाऱ्याला पहिला आकडा महत्त्वाचा वाटेल, तर ध्वनीच्या सर्किटवर काम करणाऱ्याला बहुधा दुसरा.

हाच फिल्टर पुढे उपकरणाच्या चाचणीसाठीही वापरायचा आहे, कारण त्याची सगळी उत्तरे कागदावर काढता येतात.

सिम्युलेटरचे काळाचे गणित

स्पाइस हा प्रोग्रॅम १९७३ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून बाहेर पडला आणि आजचे बहुतेक सर्किट सिम्युलेटर त्याच घराण्यातले आहेत. या घराण्याची एक सवय तुलना करणाऱ्याने पक्की लक्षात ठेवली पाहिजे: ट्रान्झियंट सिम्युलेशनमध्ये, म्हणजे सर्किटची वागणूक काळानुसार काढणाऱ्या सिम्युलेशनमध्ये, काळ समान पावलांनी पुढे जात नाही. सिग्नल वेगाने बदलत असेल तेथे सिम्युलेटर लहान टाइम स्टेप (काळाचे पाऊल) घेतो आणि सिग्नल शांत असेल तेथे मोठी. त्यामुळे एकाच सर्किटच्या दोन वेगवेगळ्या सिम्युलेशनमध्ये हिशोबाचे क्षण सारखे नसतात, आणि पहिल्या यादीतील शंभरावा नमुना व दुसऱ्या यादीतील शंभरावा नमुना यांची वजाबाकी करणे पूर्णपणे निरर्थक ठरते. आधी दोन्ही सिग्नल समान अंतराच्या एकाच कालरेषेवर आणावे लागतात आणि मगच त्यांची वजाबाकी करता येते.

हे काम इंटरपोलेशनने होते. सिम्युलेटरने काढलेल्या दोन लगतच्या बिंदूंमध्ये सरळ रेषा कल्पून मधल्या क्षणाची किंमत घेणे ही त्याची सर्वांत साधी रीत. तिच्यात किती चूक होते याचा अंदाज साइन वेव्हसाठी सहज करता येतो: कोनीय फ्रिक्वेन्सी आणि टाइम स्टेप यांचा गुणाकार करावा, त्याचा वर्ग करावा, त्याला ॲम्प्लिट्यूडने गुणून आठने भागावे. १ किलोहर्ट्झ आणि एक व्होल्टसाठी टाइम स्टेप १० मायक्रोसेकंद असेल तर ही चूक जास्तीत जास्त अर्धा मिलिव्होल्ट येते. टाइम स्टेप ५० मायक्रोसेकंद असेल तर १२ मिलिव्होल्टच्या वर जाते. म्हणजे मोठ्या टाइम स्टेपने चालवलेल्या सिम्युलेशनमध्ये ५ मिलिव्होल्टचा फरक शोधायला बसणे व्यर्थ आहे. यावरचा उपाय म्हणजे सिम्युलेशनच्या सेटिंगमध्ये कमाल टाइम स्टेपवर स्वतःहून मर्यादा घालणे. मल्टिसिममध्ये ही सोय इंटरॅक्टिव्ह सिम्युलेशनच्या सेटिंगमध्ये आहे. तपासायच्या सर्वांत जास्त फ्रिक्वेन्सीच्या एका आवर्तनात निदान शंभर पावले पडतील अशी मर्यादा मी ठेवतो. सिम्युलेशन थोडे मंदावते, पण आकड्यांना अर्थ उरतो.

दुसरी मर्यादा सिम्युलेटरच्या अचूकतेची आहे. स्पाइस प्रत्येक क्षणी सर्किटची समीकरणे पुन्हा पुन्हा सोडवतो आणि उत्तरातील बदल ठरावीक मर्यादेच्या आत आला की थांबतो. ही मर्यादा रेलटॉल या पर्यायाने ठरते आणि तिची नेहमीची किंमत ०.००१, म्हणजे हजारात एक असते. पाच व्होल्टच्या सिग्नलवर याचा अर्थ पाच मिलिव्होल्ट होतो. प्रत्यक्ष चूक बहुधा त्याहून पुष्कळ कमी असते, पण तशी हमी कोणी देत नाही. बारीक फरक मोजायचा असेल तर रेलटॉल ०.०००१ किंवा त्याहून कमी करून सिम्युलेशन पुन्हा चालवावे. फरकाचा आकडा त्याने ठळकपणे बदलला, तर आपण सर्किटऐवजी सिम्युलेटरची गोळाबेरीजच मोजत होतो असे समजावे.

उपकरणाचा सांगाडा

लॅबव्ह्यूमध्ये पूर्ण कोऱ्या पानापासून सुरुवात करण्याची गरज नसते. मल्टिसिमसोबत येणाऱ्या नमुन्यांच्या फोल्डरमध्ये लॅबव्ह्यू उपकरणांसाठी तयार टेम्प्लेट दिलेले असतात, एक इनपुट प्रकारचे आणि एक आउटपुट प्रकारचे. येथे इनपुट आणि आउटपुट हे शब्द उपकरणाच्या बाजूने वाचायचे आहेत: सर्किटकडून माहिती घेणारे ते इनपुट उपकरण, सर्किटला सिग्नल पुरवणारे ते आउटपुट उपकरण. आपले उपकरण फक्त ऐकणारे असल्याने इनपुट टेम्प्लेट निवडावे. मूळ फोल्डरला हात न लावता त्याची प्रत काढून दुसरीकडे ठेवावी आणि काम त्या प्रतीवरच करावे.

प्रतीतील प्रोजेक्ट फाइल उघडली की दोन महत्त्वाच्या गोष्टी समोर येतात. एक, उपकरणाची मुख्य फाइल, जिच्यात फ्रंट पॅनल (दर्शनी बाजू) आणि ब्लॉक डायग्राम (आतील गणिताची आकृती) आहे. दुसरी, उपकरणाची ओळख मल्टिसिमला करून देणारी माहितीची फाइल. या दुसऱ्या फाइलमध्ये उपकरणाचा ओळखक्रम, यादीत दिसणारे नाव, पिनांची संख्या आणि प्रत्येक पिनेचे नाव भरायचे असते. ओळखक्रम आणि नाव इतर कोणत्याही उपकरणाशी जुळता कामा नये. पिना दोन ठेवाव्यात आणि त्यांना ‘संदर्भ’ व ‘चाचणी’ अशी भूमिका सांगणारी नावे द्यावीत. ‘ए’ आणि ‘बी’ अशी नावे दिल्यास काही दिवसांनी कशातून काय वजा होत आहे हे स्वतःलाही आठवत नाही, आणि फरकाचे चिन्ह उलटे वाचले जाते.

नावांविषयी आणखी एक दक्षता आवश्यक आहे. उपकरणात वापरलेल्या प्रत्येक सब-व्हीआयचे, म्हणजे लॅबव्ह्यूमधील उप-प्रोग्रॅमचे, नावही वेगळे असले पाहिजे. लॅबव्ह्यू एकाच नावाच्या दोन सब-व्हीआय एकाच वेळी नीट सांभाळू शकत नाही. दोन स्वनिर्मित उपकरणांत ‘आरएमएस’ नावाची वेगवेगळी सब-व्हीआय असेल, तर एका उपकरणाला दुसऱ्याची मिळण्याचा धोका राहतो. सगळ्या नावांआधी उपकरणाचे एक छोटे उपपद लावले की हा प्रश्न मुळातच उरत नाही.

गणिताचा भाग मुख्य फाइलच्या ब्लॉक डायग्राममध्ये जातो. टेम्प्लेटमध्ये त्यासाठी केस स्ट्रक्चर, म्हणजे प्रसंगानुसार वेगळा भाग चालवणारी चौकट, दिलेले असते आणि मल्टिसिमकडून नवी माहिती आल्यावर जी केस चालते तिच्यात आपले गणित जोडायचे असते. बाकीच्या केस, म्हणजे सिम्युलेशन सुरू होणे, थांबणे, उपकरणाची माहिती साठवणे वगैरे, सुरुवातीला जशाच्या तशा राहू द्याव्यात. नवशिक्यांचा बराच वेळ या चौकटीची ‘सुधारणा’ करण्यात वाया जातो.

काम झाले की प्रोजेक्टमधील बिल्ड स्पेसिफिकेशनमधून उपकरण तयार करावे आणि तयार झालेल्या फाइल मल्टिसिमच्या ‘एलव्हीइन्स्ट्रुमेंट्स’ या फोल्डरमध्ये ठेवाव्यात. मल्टिसिम बंद करून पुन्हा उघडल्यावर उपकरण लॅबव्ह्यू उपकरणांच्या यादीत दिसले पाहिजे. ते दिसत नसेल किंवा उघडत नसेल, तर प्रथम लॅबव्ह्यूच्या रनटाइम इंजिनची (तयार उपकरण चालवण्यासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती तपासावी. ज्या आवृत्तीच्या लॅबव्ह्यूमध्ये उपकरण बांधले, तिच्याशी जुळणारे रनटाइम इंजिन त्या संगणकावर असावे लागते. आपल्या संगणकावर चालणारे उपकरण दुसऱ्याच्या संगणकावर अडते ते पुष्कळदा याच कारणाने.

आतले गणित

मल्टिसिममधील सिम्युलेशन सतत चालू असते, त्यामुळे उपकरणाला नमुने तुकड्यातुकड्यांनी मिळतात. प्रत्येक तुकड्याचे वेगळे आरएमएस काढले तर आकडा सतत थरथरत राहतो, कारण तुकड्यात कधी सव्वा आवर्तन येते तर कधी पावणेदोन. म्हणून शिफ्ट रजिस्टर (लूपच्या एका फेरीतील माहिती पुढच्या फेरीत नेणारी लॅबव्ह्यूची सोय) वापरून नमुने साठवत जावे, ठरलेल्या लांबीची खिडकी भरली की एकदाच गणित करावे आणि मग पुढची खिडकी भरायला घ्यावी. खिडकीत पूर्ण आवर्तने बसतील अशी तिची लांबी निवडावी. १ किलोहर्ट्झच्या सिग्नलसाठी १०० किलोहर्ट्झचा सॅम्पलिंग रेट (दर सेकंदाला एक लाख नमुने) आणि १००० नमुन्यांची खिडकी घेतली, तर तिच्यात नेमकी दहा आवर्तने येतात आणि सरासरी, आरएमएस व कोरिलेशन हे तिन्ही आकडे स्थिर राहतात. सॅम्पलिंग रेट आणि खिडकीची लांबी हे दोन्ही आकडे ब्लॉक डायग्राममध्ये गाडून न ठेवता फ्रंट पॅनलवर बदलता येतील असे ठेवावेत.

पहिल्या काही खिडक्या टाकून देण्याचीही सोय असावी. सिम्युलेशन सुरू होताच कपॅसिटर भरत असतात आणि त्या काळातील फरक हा सर्किटच्या स्थिर वागणुकीचा भाग नसतो. वरच्या फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा गुणाकार, १०० मायक्रोसेकंद आहे. पाच टाइम कॉन्स्टंटनंतरही सुरुवातीच्या खळबळीचा ०.७ टक्के अंश शिल्लक असतो, दहानंतर तो नगण्य होतो. अर्थात सुरुवातीचीच वागणूक तपासायची असेल तर ही सोय बंद करता आली पाहिजे.

आता प्रत्यक्ष पायऱ्या. भरलेल्या खिडकीतील ‘चाचणी’मधून ‘संदर्भ’ नमुन्यागणिक वजा करावा. हा फरकाचा सिग्नल. त्याची सरासरी म्हणजे दोन सिग्नलमधील डीसी ऑफसेट. त्याच्या वर्गांच्या सरासरीचे वर्गमूळ म्हणजे फरकाचे आरएमएस, आणि त्याच्या निरपेक्ष किमतींतील सर्वांत मोठी म्हणजे कमाल फरक. आरएमएस आणि कमाल हे दोन्ही शेजारी दाखवावेत, कारण एकट्या आरएमएसमागे एखादा अरुंद पण उंच सुळका लपून जातो.

विलंब काढण्यासाठी दोन्ही सिग्नलमधून त्यांची सरासरी वजा करावी, एक सिग्नल एकेक नमुन्याने सरकवत प्रत्येक वेळी दोघांच्या गुणाकारांची बेरीज करावी, आणि ही बेरीज जेथे सर्वांत मोठी येईल तेवढे सरकणे म्हणजे विलंब समजावा. लॅबव्ह्यूमध्ये क्रॉस-कोरिलेशनचे तयार फंक्शन आहे. पण पहिल्यांदा हे गणित स्वतः लूप लावून करावे असे माझे मत आहे, कारण तयार फंक्शनच्या उत्तरात शून्य विलंबाची जागा यादीच्या सुरुवातीला नसते आणि ती कोठे आहे हे न कळल्यास विलंबाचा प्रत्येक आकडा चुकीचा निघतो. येथे दोन मर्यादा पाळाव्या लागतात. सिग्नल आवर्ती असेल तर शोध मागेपुढे अर्ध्या आवर्तनापुरताच ठेवावा. त्यापलीकडे एका आवर्तनाचा विलंब आणि शून्य विलंब यांत भेद करण्याचा मार्गच नसतो. शिवाय १०० किलोहर्ट्झच्या दराला दोन नमुन्यांतील अंतर १० मायक्रोसेकंद, म्हणजे १ किलोहर्ट्झवर ३.६ अंश असते. आपल्या फिल्टरचा विलंब ८९.३ मायक्रोसेकंद आहे, पण उपकरण ९० दाखवील. त्याहून बारीक उत्तर हवे असेल तर सर्वोच्च बिंदू आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बिंदू यांतून पॅराबोला काढून त्याचे शिखर घ्यावे, किंवा सरळ सॅम्पलिंग रेट वाढवून कमाल टाइम स्टेपही त्याला साजेशी कमी करावी.

पट काढण्याचे काम विलंब भरून काढल्यानंतरच करावे. संदर्भ आणि चाचणी यांच्या गुणाकारांच्या बेरजेला संदर्भाच्या वर्गांच्या बेरजेने भागले की सर्वांत योग्य पट मिळते. ही पायरी आधीच केली, तर आपल्या फिल्टरसाठी ०.८४७ ऐवजी ०.७१७ असे उत्तर येते, आणि ते दिसायला इतके शक्य कोटीतले असते की चूक झाल्याची शंकाही येत नाही. क्रम उलटला म्हणून चुकणाऱ्या गणितांत हे मला सर्वांत फसवे वाटते.

राहिला कोरिलेशन गुणांक. सरासरी वजा केलेल्या दोन सिग्नलच्या गुणाकारांची बेरीज घ्यावी आणि दोघांच्या वर्गांच्या बेरजांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने तिला भागावे. उत्तर उणे एक ते अधिक एक यांच्यामध्ये येते. एखादी पिन मोकळी राहिली किंवा सिग्नल पूर्ण सपाट असला तर छेद शून्य होतो, तेव्हा भागाकाराआधी छेद तपासून ‘सिग्नल नाही’ असे दाखवण्याची व्यवस्था असावी.

शेवटी मर्यादेचा दिवा. फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला की लाल व्हावा असा एक दिवा फ्रंट पॅनलवर अतिशय उपयोगी पडतो. मर्यादा दोन भागांची ठेवावी: काही ठरावीक मिलिव्होल्ट, अधिक संदर्भाच्या त्या क्षणाच्या किमतीचा काही अंश. नुसती टक्क्यांची मर्यादा ठेवली, तर सिग्नल शून्यातून जाताना ती मर्यादाही शून्य होते आणि दिवा विनाकारण पेटतो.

विश्वास ठेवण्याआधी परीक्षा

सोने तोलण्याआधी दोन्ही पारडी रिकामी ठेवून काटा मध्यावर येतो का हे पाहतात, तसेच येथेही करावे. ज्यांचे उत्तर आधीच माहीत आहे असे सिग्नल उपकरणाला द्यावेत, आणि त्यांत ते खरे उतरल्याशिवाय त्याला खऱ्या सर्किटला जोडू नये.

सर्वांत आधी दोन्ही पिना सर्किटमधील एकाच नोडला (जोडबिंदूला) जोडाव्यात. फरक पूर्ण शून्य, विलंब शून्य, पट एक आणि कोरिलेशन एक आले पाहिजे. येथे काही मायक्रोव्होल्ट जरी दिसले, तरी दोन पिनांचे नमुने एकाच क्षणाचे नाहीत असा त्याचा अर्थ होतो आणि चूक ब्लॉक डायग्राममध्ये शोधावी. त्यानंतर दोन वेगळे सोर्स घ्यावेत, दोन्ही एक व्होल्टचे आणि १ किलोहर्ट्झचे, पण चाचणीच्या सोर्सला १० मिलिव्होल्टचा ऑफसेट द्यावा. सरासरी फरक अधिक १० मिलिव्होल्ट दिसला पाहिजे. उणे दिसला तर वजाबाकीची दिशा उलटी आहे. मग ऑफसेट काढून एका सोर्सची फेज ९० अंश करावी. आता विलंब न भरता काढलेले कोरिलेशन शून्य, फरकाची ॲम्प्लिट्यूड १.४१४ व्होल्ट आणि फरकाचे आरएमएस बरोबर एक व्होल्ट यायला हवे, तर विलंब २५० मायक्रोसेकंद. विलंबाचे चिन्हही येथेच तपासून घ्यावे.

या तिन्ही परीक्षा उतरल्या की आपला फिल्टर जोडावा. फरकाचे आरएमएस ०.३७६ व्होल्ट, विलंब ८९ ते ९० मायक्रोसेकंदांच्या दरम्यान, विलंब भरल्यावरची पट ०.८४७ आणि त्यानंतर उरलेल्या फरकाचे आरएमएस ०.१०८ व्होल्ट मिळाले पाहिजे. विलंब भरण्याआधीचे कोरिलेशन ३२.१ अंशांच्या कोसाइनइतके, म्हणजे ०.८४७ येईल. पट आणि हे कोरिलेशन यांचा आकडा एकच येतो याने गोंधळू नये. अशा एका रेझिस्टर-कपॅसिटरच्या फिल्टरमध्ये दोन्हींचे सूत्रच सारखे आहे, इतरत्र तसे असेलच असे नाही.

यानंतर आणखी एक परीक्षा आहे, जी बहुतेक जण गाळतात आणि जी माझ्या मते सर्वांत मोलाची आहे. त्याच फिल्टरची हुबेहूब दुसरी प्रत त्याच शीटवर काढावी आणि दोन्ही आउटपुट उपकरणाला द्यावेत. फरक शून्याच्या अगदी जवळ हवा. मग दुसऱ्या प्रतीतला कपॅसिटर १०० ऐवजी १०१ नॅनोफॅरड करावा आणि फरकाचा आकडा टिपावा. मग कमाल टाइम स्टेप निम्मी करून आणि रेलटॉल दहापट घट्ट करून हेच मोजमाप पुन्हा घ्यावे. दोन वेळच्या आकड्यांत जेवढी तफावत पडते, तो आपल्या मोजमापाचा तळ. त्या तळाहून लहान फरकाविषयी उपकरण काहीही सांगत असले तरी ते ग्राह्य धरू नये, आणि मर्यादेच्या दिव्याची मर्यादाही या तळाच्या बरीच वर ठेवावी.

प्रत्यक्ष वापरातील काही अडचणी

चौकोनी लाटांची तुलना करताना कमाल फरक फार दिशाभूल करतो. पाच व्होल्टचा सिग्नल १० नॅनोसेकंदांत चढत असेल आणि दुसरा त्याच्या केवळ ५ नॅनोसेकंद मागे असेल, तर त्या चढावर अडीच व्होल्टचा फरक दिसतो, जरी बाकी सर्व काळ दोन्ही सिग्नल तंतोतंत एक असले तरी. त्यातही सॅम्पलिंग रेट कमी असेल तर हा सुळका कधी सापडतो, कधी निसटतो. अशा सिग्नलसाठी व्होल्टेजचा फरक बाजूला ठेवून दोन्ही सिग्नल अर्धी उंची कोणत्या क्षणी ओलांडतात ते काढावे आणि त्या क्षणांची तुलना करावी.

प्रयोगशाळेतील वेव्हफॉर्मशी तुलना करायची असल्यास ऑसिलोस्कोपमधून सीएसव्ही फाइल काढून तिच्यातील काळ आणि व्होल्टेज यांच्या जोड्या पीसवाइज लिनिअर सोर्सला (दिलेले बिंदू सरळ रेषांनी जोडून सिग्नल तयार करणाऱ्या सोर्सला) द्याव्यात आणि तो सोर्स ‘संदर्भ’ पिनेला जोडावा. ऑसिलोस्कोपमध्ये शून्य काळ ट्रिगरच्या क्षणी असतो आणि त्याआधीचे नमुने उणे काळाचे असतात, म्हणून सगळ्या काळांत एक ठरावीक संख्या मिळवून सुरुवात शून्यापासून करून घ्यावी. येथे विलंब भरून काढणे अपरिहार्यच आहे, कारण ट्रिगरचा क्षण आणि सिम्युलेशनचा प्रारंभ यांचा काहीही संबंध नसतो. खऱ्या प्रोबचा भार विसरू नये. व्हर्च्युअल उपकरण सर्किटमधून करंट घेत नाही, पण खऱ्या ऑसिलोस्कोपचे इनपुट साधारण १ मेगाओहम आणि दहा-वीस पिकोफॅरड इतके असते, शिवाय केबलचे कपॅसिटन्स वेगळे. नोडचा इम्पीडन्स मोठा असेल तर सिम्युलेशनमध्येही तेवढा रेझिस्टर आणि कपॅसिटर जोडूनच तुलना करावी. नाहीतर मोजमापाच्या साधनाचा दोष मॉडेलच्या माथी मारला जातो.

लॅबव्ह्यू नसेल तर

तुलनेचे उपकरण सर्किटच्या आतही बांधता येते. स्पाइसमधील बिहेव्हियरल सोर्स, ज्याला बी-सोर्स म्हणतात, त्याच्या सूत्रात दोन नोडच्या व्होल्टेजची वजाबाकी लिहिली की तो फरकाचा सिग्नल स्वतःच तयार करतो. तो एका सबसर्किटमध्ये घालून दोन इनपुट पिना आणि एक आउटपुट पिन असलेले चिन्ह काढावे, म्हणजे प्रत्येक शीटवर ते घटकासारखे ठेवता येते. या रीतीचा मोठा फायदा असा की वजाबाकी सिम्युलेटरच्या स्वतःच्याच क्षणांवर होते आणि इंटरपोलेशनचा प्रश्न तेवढ्यापुरता मिटतो. फरकाची सरासरी, आरएमएस आणि कमाल किंमत एलटीस्पाइस या स्पाइस घराण्यातील सिम्युलेटरमध्ये मेझर या आज्ञेने मिळते, आणि तिला सुरुवातीचा व शेवटचा क्षण देऊन हवी ती खिडकीही निवडता येते. विलंबासाठी मात्र त्याच आज्ञेने दोन्ही सिग्नल ठरावीक पातळी ओलांडतात ते क्षण काढून त्यांचे अंतर घ्यावे लागते.

दोन वेगळ्या सिम्युलेशनचे निकाल ताडायचे असतील तर एनजीस्पाइस या त्याच घराण्यातील दुसऱ्या सिम्युलेटरमधील लिनिअराइझ ही आज्ञा सगळे सिग्नल समान अंतराच्या कालरेषेवर आणून देते. त्यानंतर ते फाइलमध्ये काढून पायथनसारख्या भाषेत वर सांगितलेले सगळे गणित जसेच्या तसे करता येते. एलटीस्पाइस वापरणाऱ्याने एक सेटिंग आवर्जून बदलावे. तो प्रोग्रॅम साठवणुकीची जागा वाचवण्यासाठी वेव्हफॉर्मचे काही बिंदू गाळून टाकतो, आणि या गाळण्याने आलेली चूक लहान फरकांच्या मोजमापात सहज मिसळते. प्लॉटविनसाइझ हा पर्याय शून्य ठेवला की गाळणे बंद होते. फाइल मोठी होते, पण सिम्युलेटरने काढलेला प्रत्येक बिंदू हाती येतो.